डावी पापणी

ताईचं हसू बिघडलंय, हे सगळ्यात आधी एका गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं.

"माझ्यावर गुरकावलात की काय?" खुर्चीतल्या बाईंनी आरशातूनच विचारलं. बाई निवृत्त शिक्षिका होत्या. महिन्यातून एकदा केस कापायला यायच्या आणि येताना एखादा विनोद घेऊन यायच्या. त्या दिवशीचा विनोद बरा होता. शेजारच्या खुर्चीमागे उभी असलेली तिची धाकटी बहीण खिदळली होती. ताईही हसली होती, पण आरशात उमटलं ते हसू नव्हतं. वरचा ओठ मधोमध उचलला गेला, दात दिसले, आणि ओठांची टोकं मात्र जागची हलली नाहीत. अंगावर येण्याआधी कुत्रं दात दाखवतं, तसं काहीतरी ते होतं.

"काहीतरीच काय बाई," ताई म्हणाली. "हसले मी."

"मग नीट हसा की. माझा जीव गेला असता!"

विषय तिथेच संपला. बाई गेल्यावर ताई आरशाजवळ गेली, दोन बोटांनी ओठांची टोकं वर ढकलून पाहिली, आणि धाकटी बघतेय हे कळताच केस झाडायला वळली.

दुकान त्यांच्या वडिलांचं, अप्पांचं होतं. त्यांच्या काळात तिथं फक्त पुरुष यायचे. अप्पांनंतर दोघी बहिणींनी भिंतींना फिका रंग दिला, केस धुवायचं भांडं बसवलं, आणि बायका-पुरुष सगळ्यांसाठी दार उघडं केलं. खुर्च्या दोन, आरसा भिंतभर एकच. ड्रायरच्या गरम हवेचा आणि शाम्पूचा वास तिथल्या पडद्यांतसुद्धा मुरलेला. ताई दोन गल्ल्या पलीकडे नवऱ्याबरोबर राहायची. भावोजी लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे आणि दिवसभर कुठल्यातरी इमारतीच्या पोटात अडकलेले असायचे. धाकटी एकटी, दुकानावरच्या खोलीत. लग्नाचा विषय कुणी काढला की ती म्हणायची, "रोज इतक्या लोकांची डोकी सांभाळते, अजून एक कशाला?"

ताई हात वर धरून तासन्‌तास काम करायची. हा धंदाच खांद्यांचा आहे. म्हणून ती मधेच कात्री ठेवून हात खाली सोडायला लागली, तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. पन्नाशी जवळ आली होती. "आता वंगण घालावं लागणार मला," ती म्हणायची, आणि भावोजी म्हणायचे, "लिफ्टचं उरलेलं आणू का डबाभर?"

मग डावी पापणी. सकाळी दुकान उघडताना दोन्ही डोळे टक्क उघडे. दुपारी चहाच्या सुमाराला डावी पापणी अर्धवट खाली. दुकान बंद करायच्या वेळेला तर तो डोळा जवळजवळ मिटलेला असायचा आणि ताई हनुवटी वर करून, नाकावरून बघितल्यासारखी बघायची. एका नव्या गिऱ्हाइकाला तो तोरा वाटला. ती बाई परत आली नाही.

आवाजाचं धाकटीला आधी कळलंच नाही, कारण दिवसभर ती तोच आवाज ऐकत होती. कळलं ते फोनवर. तिन्हीसांजेला ताईने घरून फोन केला. आवाज नाकातून येत होता. शब्द एकमेकांना चिकटलेले. "उद्या" म्हणताना मधला "द" कुठेतरी गिळला गेला. वाक्य जितकं लांब होत गेलं तितका आवाज खाली खाली बसत गेला, आणि शेवटी नुसती हवाच.

"काय गं, झोपेतून उठलीस का?"

"न्हाही. दमलेय."

धाकटीने फोन ठेवला. हा आवाज तिने पूर्वी ऐकला होता. अप्पांचा.

अप्पा प्यायचे. सकाळी त्यांचा हात दगडासारखा स्थिर असायचा, वस्तऱ्याने फुग्यावरचा साबण उतरवून दाखवतील इतका. संध्याकाळ व्हायला लागली की पापण्या जड, जीभ जड. घरात त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. आई म्हणायची, दमलेत. "दमलेय" हा शब्द त्या घरात त्याच अर्थाने वापरला जायचा.

त्यानंतर धाकटी ताईच्या जवळून जाताना श्वास ओढून घ्यायला लागली. वास यायचा नाही. कधी पेपरमिंटचा यायचा, आणि मग उलट जास्तच शंका यायची.

ताई जेवायला बसली की खालचा जबडा तळहातावर टेकवायची. विचारात पडल्यासारखी. पावाचे पहिले दोन घास नीट जायचे. मग चावणं मंद व्हायचं, आणि ती हाताने जबडा वर ढकलून चावायची. सफरचंद खाणं तिने सोडूनच दिलं. धाकटीने हे सगळं पाहिलं होतं, पण मनात एकदा एक खूणगाठ बसली की माणूस पुढचं सगळं तिलाच बांधत जातं. दारूने भूक मरते, हे तिला अप्पांमुळे ठाऊक होतं.

मग तो घड्याळवाल्या काकांच्या कानाचा प्रसंग घडला.

काका समोरच्या रस्त्यावर घड्याळं दुरुस्त करायचे. अप्पांचे मित्र. दुपार कलली होती. ताई त्यांच्या कानामागचे केस सारखे करत होती, आणि धाकटीला दिसलं की ताईने डावा, अर्धा लोंबलेला डोळा घट्ट मिटला आहे आणि नुसत्या उजव्या डोळ्याने ती बघते आहे. पुढच्या क्षणी तिने तो उघडला, आणि कात्री मिटली.

काका ओरडले नाहीत. त्यांनी नुसता कानावर हात ठेवला, आणि बोटांच्या फटींतून रक्त मनगटापर्यंत आलं. कानाच्या पाळीचं टोक चिरलं होतं. धाकटी कापूस घेऊन धावली. ताई हातात कात्री तशीच धरून उभी, पांढरीफटक.

"मला वाटलं..." ती म्हणाली.

रक्त थांबल्यावर काकांनी कोट चढवला. दारात धाकटीला बाजूला घेऊन ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "मी कुठे बोलणार नाही. पण बाळ, तुझे वडीलही शेवटी शेवटी असेच. तिला सांभाळ."

धाकटीला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. म्हणजे हे तिला एकटीलाच दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताई यायच्या आधी तिने दुकानातली कपाटं उपसली. टॉवेलांच्या चळतीमागे, गिझरच्या वर, रंगाच्या खोक्यांत. काही नव्हतं. खोकी परत लावत असतानाच ताई आत आली आणि दारातच थांबली. सकाळ होती. तिचे दोन्ही डोळे पूर्ण उघडे होते.

"काय शोधतेस?"

"काही नाही."

"अप्पा कुठे लपवायचे ते मलाही माहितीये," ताई म्हणाली. "तिथेच शोधलंस ना?"

धाकटीने मान खाली घातली. मग तिलाच राग आला. "मग सांग ना काय आहे ते! संध्याकाळी तुझी जीभ वळत नाही. डोळे उघडत नाहीत. काल काकांचा कान गेला असता. काय समजू मी?"

"जे समजलीयेस तेच समज." ताईने ॲप्रन काढून खुंटीला लावला, मग पुन्हा घेतला आणि बांधला. "आजपासून कापणार नाही मी. तू काप. मी केस धुते, झाडते, दार उघडते. झालं समाधान?"

त्यानंतर दोघी कामापुरत्या बोलत राहिल्या. धाकटीने भावोजींना फोन केला, आणि भावोजींनी कधी नव्हे ते एक सकाळ सुट्टी घेऊन ताईला गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. धाकटीही बरोबर गेली. डॉक्टर वयस्कर, शांत. या घरातल्या सगळ्यांचे खोकले-ताप त्यांनीच काढलेले. त्यांनी ताईला विचारलं, "काय होतंय?"

"थकवा येतो," ताई म्हणाली.

"अजून काही?"

ताईने भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे पाहिलं. "नाही."

धाकटीच्या ओठांवर आलं होतं. संध्याकाळी बघा हिला, डॉक्टर. संध्याकाळी बोलून बघा. पण मग त्यांनी अप्पांची आठवण काढली असती. अप्पांच्या लिव्हरवर औषध त्यांनीच केलं होतं. भावोजींच्या समोर ते व्हायला नको होतं.

डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, छाती तपासली, गुडघ्यावर हातोडी मारली. सकाळची वेळ, ताई ठणठणीत दिसत होती. रक्त तपासलं तर लोह थोडं कमी निघालं. या वयात बायकांना होतं, ते म्हणाले. आणि जे त्यांना सांगितलं होतं त्यावरून दुसरं काही म्हणताही आलं नसतं. लोहाच्या गोळ्या दिल्या, विश्रांती घ्या म्हणाले. बाहेर पडताना भावोजींचा चेहरा उजळला होता. "बघ, लोखंडच कमी पडलंय. माझ्या धंद्यातलं आहे."

ताई हसली. वरचा ओठ उचलला गेला, दात दिसले. धाकटीने नजर वळवली.

मग ताईला सर्दी झाली. साधी, सगळ्या गल्लीला होती तशी. सर्दी छातीत उतरली, ताप आला. डॉक्टरांनी खोकल्यासाठी एक अँटिबायोटिक दिलं. तीच गोळी त्या आठवड्यात गल्लीतल्या निम्म्या घरांत चालू होती. सगळे बरे झाले.

ताई झाली नाही. गोळ्या सुरू केल्यावर ताप उतरला, पण माणूस उतरतच गेलं. धाकटी दुपारी सूप घेऊन गेली तेव्हा ताई पलंगावर उशांच्या ढिगाला टेकून बसली होती आणि तिने डोकं एका हाताने हनुवटीखालून धरलं होतं, धरलं नाही तर पुढे पडेल म्हणून. दोन्ही पापण्या खाली होत्या. दुपारच होती अजून. संध्याकाळ तिच्या घरी लवकर आली होती.

"सूप घे थोडं."

ताईने एक चमचा घेतला. गिळण्यासाठी तिने मान वाकवली, आणि सूप तिच्या नाकातून बाहेर आलं. तिला ठसका लागला. म्हणजे लागायला हवा होता. खोकला वर येईना. घशात नुसती घुरघुर झाली आणि डोळ्यांतून पाणी वाहिलं. खोकण्याएवढंही बळ तिच्यात नव्हतं. धाकटीने तिला पुढे वाकवून पाठीवर थोपटलं. ब्लाउजखाली बरगड्या जेमतेम हलत होत्या.

"ताई, श्वास घेता येतोय ना?"

ताईने काहीतरी म्हटलं. धाकटीला कळलं नाही. तिने कान तोंडाजवळ नेला.

"आडवं... नको करू," ताई म्हणाली. "आडवं... केलं की... बुडते."

धाकटीने भावोजींना फोन लावला. लागला नाही, ते कुठल्यातरी शाफ्टमध्ये असणार. तिने शेजारच्या गाडीवाल्याला हाक मारली. दोघांनी मिळून ताईला खाली उतरवलं. गाडीत धाकटीने पूर्ण वेळ तिचं डोकं दोन्ही हातांत धरून ठेवलं होतं, केस धुताना गिऱ्हाइकाचं धरावं तसं. इतकं जड डोकं तिने कधी धरलं नव्हतं. माणूस आपली मान स्वतः किती धरतं, हे तिला तेव्हा कळलं.

तातडीच्या विभागात गर्दी होती. ताईला चाकाच्या खुर्चीत बसवलं, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. ऑक्सिजन चांगला आला. नर्स म्हणाली, "आकडा उत्तम आहे. घाबरल्यात का फार?" आणि दुसऱ्या रुग्णाकडे गेली. त्या चिमट्यावरचा हिरवा आकडा बघून धाकटीलाही क्षणभर धीर आला. मग तिने ताईच्या तोंडाकडे पाहिलं. लाळ ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर उतरत होती. गिळता येत नव्हती.

एक तरुण डॉक्टर आला. डोळे लाल, सकाळपासून उभा असावा. "काय झालं?"

"खोकला होता. गोळ्या चालू आहेत. आता अंगात त्राणच नाही. श्वास..."

"दमा आहे? हृदयाचं काही?" त्याने स्टेथोस्कोप लावला. "छाती तशी मोकळी आहे. ऑक्सिजन नीट आहे. काही टेन्शन वगैरे? घरात काही?"

"नाही. म्हणजे..." आणि धाकटीचा बांध फुटला. "डॉक्टर, ही सकाळी चांगली असते. संध्याकाळी बिघडते. रोज. किती महिने झाले. सकाळी डोळे उघडे, संध्याकाळी पापण्या पडतात. सकाळी बोलते, संध्याकाळी आवाज नाकात जातो. चावताना जबडा दमतो. मला वाटलं पिते. आमचे वडील प्यायचे. मी कपाटं शोधली हिची. कुणाला बोलले नाही मी, लाज वाटली..."

डॉक्टर निघण्याच्या बेतात होता. तो परत वळला. त्याने खुर्चीचे ब्रेक लावले आणि ताईसमोर उकिडवा बसला.

"परत सांगा," तो म्हणाला. "काम करून दमलं की बिघडतं, आणि विश्रांती घेतली की सुधारतं?"

"हो."

"ताई, माझ्याकडे बघा. तुम्हाला एकाची दोन दिसतात का?"

ताईच्या मिटत्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने मान हलवायचा प्रयत्न केला. मग मांडीवरचा हात जरासा उचलून दोन बोटं दाखवली.

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. दोन. काकांच्या एका कानाचे दोन कान, एका कात्रीच्या दोन. एक डोळा मिटून काम करायची ती, आणि तो उघडला की खरा कान कुठला हे तिला कळलं नसणार.

डॉक्टरने आपलं बोट वर धरलं. "इकडे बघत राहा. खाली नाही बघायचं." पापण्या कशाबशा वर गेल्या, क्षणभर तरंगल्या, आणि पडदा सोडावा तशा खाली आल्या. त्याने बर्फ मागवला, हातमोज्यात भरून डाव्या पापणीवर धरला. जरा वेळाने काढला तेव्हा ती पापणी वर होती. एवढीच, एका डोळ्याची. ताई त्या एका उघड्या डोळ्याने धाकटीकडे बघत होती.

"आता एका दमात आकडे मोजा," डॉक्टर म्हणाला. "जितके येतील तितके."

"एक, दोन, तीन, चार..." पाचला आवाज संपला. सहाला ओठ नुसते हलले.

तो उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर थकवा राहिला नव्हता. "आयसीयूत बेड बघा. भूलतज्ज्ञांना बोलवा. आत्ता." नर्स त्या हिरव्या आकड्याकडे बोट दाखवायला लागली तसा तो म्हणाला, "तो आकडा शेवटपर्यंत चांगलाच राहील. आणि मग एकदम पडेल. फुप्फुसं चांगली आहेत हिची. ती ओढणारे स्नायू थांबतायत."

आयसीयूचं दार बंद होण्याआधी त्याने धाकटीला घाईघाईत समजावलं. मेंदूचा निरोप नसांतून येतो, पण स्नायू तो उचलत नाही. नस आणि स्नायू जिथे जुळतात ती जागा शरीरच आपल्या हाताने अडवून बसतं. आधी डोळे, मग चेहरा, जीभ, मान. वापरलं की दमतं, थांबलं की, किंवा गारव्याने, थोडं परत येतं. मायस्थेनिया म्हणतात. "हा आजार रोज बघायला मिळत नाही. आणि सकाळी तर दिसतच नाही."

"त्या गोळ्या?"

"खोकला एकटाही हे करू शकतो. पण ती गोळी या आजारात देत नाहीत. कुणाला माहीत असायला हवं ना, आजार आहे ते."

भावोजी आले तेव्हा ताईच्या घशात नळी होती आणि छाती मशीनच्या तालावर वरखाली होत होती. ते काचेबाहेर उभे राहिले. म्हणाले, "मी रोज तिच्याबरोबर जेवायला बसायचो. मला वाटायचं, हिला माझ्याशी बोलायचं नसतं."

ताई बरेच दिवस त्या मशीनवर होती. पापण्या उघडत नव्हत्या, बोटंही हलत नव्हती, पण आत ती पूर्ण जागी होती, असं तिने नंतर सांगितलं. सगळं ऐकू येत होतं. शेजारच्या पलंगावरचं माणूस गेलं, त्याची माणसं रडली, पलंग रिकामा झाला, चादर बदलली. तिला वाटलं, आपणही गेलोच असू आणि कुणी सांगायचं विसरलं असेल. एक नर्स रोज तिचे केस विंचरायची, उलट्या दिशेने, गुंता ओढत. "तेव्हा कळलं मी जिवंत आहे," ताई म्हणाली. "मेलेल्या माणसाला इतका राग येत नाही."

रक्तातलं जे तिचं तिलाच अडवत होतं ते यंत्राने गाळून काढलं. हळूहळू एक बोट हललं, मग भुवई. छातीच्या हाडामागची एक ग्रंथी वाढलेली सापडली. त्यात गाठ होती. ती काढेपर्यंत, आणि तपासून निकाल येईपर्यंत, तिघांनी एकमेकांशी हवापाण्याच्या गोष्टी केल्या. गाठ पसरलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, नशीब. त्याच दमात म्हणाले, गोळ्या बहुधा कायमच्या.

घरी आणल्यावर एका सकाळी धाकटी तिच्याजवळ बसली होती. ताईचा आवाज परत आला होता, थोडा खरखरीत.

"दोन दोन दिसतं म्हणून सांगितलं का नाहीस?"

ताईने चादरीची किनार सरळ केली. "फोनवर शोधलं होतं मी. पहिल्यांदा आलं, झोप पुरत नसेल. मग आलं, चष्मा लागला असेल. सगळ्यात खाली होतं, मेंदूत गाठ. मी तिथेच फोन बंद केला. मधलं काही वाचलंच नाही. मग तू बाटल्या शोधायला लागलीस. मला वाटलं, बरं झालं. पिते असं वाटू दे. त्याला निदान औषध असतं, सोडली की झालं."

"मला क्षमा कर," धाकटी म्हणाली.

"तुला आणि मला दोघींनाही घाबरायला येत नाही," ताई म्हणाली. "अप्पांच्या घरात शिकलो ना. घाबरलं की कपाट लावायचं."

ताई दुकानात परतली, पण फक्त सकाळपुरती. तिच्यासाठी उंच स्टूल आणलं. दोन गिऱ्हाइकं झाली की ती हात मांडीवर ठेवून बसते. घड्याळवाले काका पहिल्याच दिवशी आले आणि तिच्याच खुर्चीत बसले. धाकटीने त्यांना सगळं सांगितलं होतं. ते नुसते डोळे मिटून बसले, आणि धाकटीला दिसलं की त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले आहेत.

भावोजी आता घरी वेळेवर येतात. कुठलीही नवी गोळी, दातांच्या डॉक्टरने दिलेलीसुद्धा, आधी विचारल्याशिवाय घरात येत नाही. कुणी शिंकलं की धाकटी ताईला मागच्या खोलीत पाठवते, आणि ताई म्हणते, "मी काय काचेची आहे?" दोघींनाही उत्तर ठाऊक असतं.

परवा त्या दोघी तपासणीला गेल्या होत्या. डॉक्टरांनी हात वर धरायला लावले, छताकडे बघायला लावलं, एका दमात मोजायला लावलं. चांगलं आहे, म्हणाले. धाकटीने विचारलं, "परत होईल का?"

"होऊ शकतं," ते म्हणाले. "कधी, ते सांगता येत नाही. लवकर या म्हणजे झालं."

परतताना बस बरीच रिकामी होती. धाकटी खिडकीशी बसली आणि शेजारच्या जागेवर हात ठेवला. ताई बसली नाही. ती उभी राहिली, वरची दांडी एका हाताने धरून, हात पूर्ण ताणून, आणि बाहेर बघत राहिली. थांबे मागे पडत गेले. संध्याकाळ होत होती. "खाली बस" म्हणावं असं धाकटीच्या तोंडाशी आलं. ती फक्त तो वर धरलेला हात बघत होती, कोपराजवळ तो जरासा थरथरतो आहे की बसच्या धक्क्याने हलतो आहे, ते तिला काही केल्या ठरवता येत नव्हतं.